खांबाला कुंची

मी एक जुना खांब आहे. देवळाचा नाही, मांडवाचा नाही, तारेचाही नाही. नगरहून भिंगार ओलांडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की एका गावाच्या हायस्कुलामागे खो-खोचं मैदान दिसतं. त्याच्या एका टोकाला मी उभा असतो. मला ओळखणं अगदी सोपं आहे, कारण सरावाच्या वेळी माझ्या अंगात कुंची असते. हो, कुंचीच. तान्ह्या बाळाला वारा लागू नये म्हणून डोक्यावरून पाठीवर सोडतात ना, तसली. जुन्या लुगड्यांची, आत कापूस भरलेली. येणारेजाणारे बघतात आणि हसतात. मित्रांनो, तुम्ही हसलात तरी मला राग नाही. पण ही कुंची माझ्या अंगात कशी आली, ते ऐकून घ्या. ते सांगताना मला फार लाज वाटते. माणूस असतो तर खाली बघून सांगितलं असतं. खांबाला तीही सोय नाही.

मी आणि माझा भाऊ, म्हणजे मैदानाच्या त्या टोकाचा खांब, एकाच बाभळीचे. ओढ्याकाठची ती बाभूळ वाऱ्यानं उन्मळून पडली, आणि गहिनीनाथ सुतारांनी तिच्यातून आम्हाला काढलं. त्यांनी आम्हाला तासलं, रंधा मारला, तळहात फिरवून पाहिला, पुन्हा रंधा मारला. शेवटी त्यांनी आपला दाढीचा गाल माझ्यावर टेकवून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"पोरींचं हात लागनार," ते म्हणाले. "कूस ऱ्हायला नको."

कूस, म्हणजे हातात शिरणारी बारीक सल, राहिली नाही. पण गुळगुळीत म्हणजे मऊ नव्हे. लाकूड ते लाकूडच. हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

आम्हाला मैदानात पुरलं ते खेळाच्या रंगनाथ सरांनी. सर तेव्हा नवे होते, उत्साही होते. मुलांची कबड्डी सगळीकडेच असते, आपण मुलींचा खो-खो उभा करू, असं त्यांनी ठरवलं. गावात घरोघर जाऊन त्यांनी मुली मागून आणल्या. एखाद्यानं दारातूनच परत पाठवलं, तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

खो-खो तुम्हाला माहीतच असेल. आठ जणी आमच्या दोघांच्या मधल्या रांगेत उकिडव्या बसतात. एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे. नववी पळणाऱ्यांचा पाठलाग करते, आणि दमली की बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणते. मग ती उठून धावते. धावताना मध्येच मागं वळायचं नाही. बाजू बदलायची तर मला नाहीतर माझ्या भावाला वळसा घालायचा.

वळसा घालताना मुली मला एका हातानं धरत. त्या घामेजल्या तळहातांनी मी जितका तुळतुळीत झालो, तितका गहिनीनाथांच्या रंध्यानंही झालो नव्हतो. खंडेनवमीला सगळ्या गावात औतं, विळे, शिवणयंत्रं पुजतात, तेव्हा मुली येऊन मला हळदकुंकू लावत. मला झेंडूची माळ मिळे. खरं सांगतो, मी सुखात होतो. आपण कुणाच्या तरी खेळाचे आहोत, याहून लाकडाला आणखी काय हवं?

मुलींत मुक्ता सगळ्यात चपळ. सामना सुरू व्हायच्या आधी ती मला हात लावायची आणि तो हात कपाळाला लावायची. मग मला धरून असं अंग झोकून द्यायची, की पळणारीला वाटायचं आपण निसटलो, आणि तेवढ्यात मुक्ताची बोटं तिच्या पाठीला लागलेली असायची.

मुक्ताच्या आजाला हा खेळ पसंत नव्हता. "पोरीच्या जातीनं पाय उघडं टाकून पळायचं व्हय?" असं तो म्हणे. मुक्ताची आई साळूबाई सासऱ्यापुढं कधी बोलत नसे, पण या एका गोष्टीसाठी बोलली. तेव्हा आजानं एक बोली घातली. "पळू दे. पन येक दिस जरी कन्हत घरी आली, तर मैदान बंद. कायमचं." मुक्तानं ती बोली मैत्रिणींना हसत हसत सांगितली होती, माझ्या बुंध्याशी बसून. हसत सांगितली, पण ती मनात पक्की धरून ठेवली होती.

तिची जिवलग मैत्रीण जहिरा. जहिराचे वडील गनीभाई गावातले शिंपी. संघाचे निळे गणवेश त्यांनीच शिवले होते. आमच्या संघात मुली होत्या दहा. नऊ खेळायच्या आणि दहावी राखीव. ती राखीव म्हणजे जहिरा. बाकीच्यांचे गणवेश मातीनं कधी लाल, कधी करडे होत. जहिराचा मात्र कोराच. संघाची कर्णधार बनू तिला चिडवायची, "जहिरे, तुझ्या आब्बाला म्हनावं, ह्यो परत गिऱ्हाइकाला इकता येईल." सगळ्या हसत. जहिराही हसे. मग रेषेबाहेर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळी.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. दिवाळीच्या आधीच गावचा आड आटला. आटला म्हणजे किती, तर पोरं दोराशिवाय आत उतरून गोट्या खेळू लागली. वेशीजवळ टँकर येई, आणि बाया पहाटेपासून हंडे लावून बसत. शेतात काम उरलं नाही. साळूबाई, गावातल्या निम्म्या बाया, सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. ते काम मैदानाच्या पलीकडच्या रस्त्यावरच चाले. दिवसभर मला हातोड्यांचा टक-टक आवाज ऐकू येई. मुलींना शाळेत सुकडी मिळे. ती खाऊन त्या सरावाला येत.

त्या हिवाळ्यात तालुक्याचे सामने आमच्या मैदानावर ठरले. सकाळी एक सामना, आणि तो जिंकला तर दुपार कलल्यावर शेवटचा. शेवटचा जिंकणारा संघ नगरला जाणार. गाव लोटलं होतं. दुष्काळानं वाळलेल्या त्या तोंडांना हसायला काहीतरी हवं होतं, आणि ते मुलींनी द्यायचं होतं.

एरवी सामन्याआधी मुली घागरी आणून मैदानावर पाणी मारत, माती बसवत. त्या वर्षी प्यायलाच नव्हतं, मैदानाला कुठलं? माती पिठासारखी सुटी झाली होती. सकाळचा सामना रंगात आला. समोरची एक पोर मला वळसा घालून निसटत होती. मुक्तानं झेप घेतली. हात माझ्याकडे आला, पाय मातीत सटकला, आणि हाताच्या आधी तिचं डोकं माझ्यापर्यंत पोचलं.

मोठा आवाज झाला नाही, मित्रांनो. कवठ पिकलंय का म्हणून बोटानं वाजवून बघतात ना, तेवढाच. पण तो माझ्या बुंध्यापर्यंत, मातीत पुरलेल्या भागापर्यंत गेला. अजून तिथंच आहे.

ती खाली पडली. थोडा वेळ तिथं फक्त तिचं अंग होतं. ती नव्हती.

लोक धावले. कुणीतरी कांदा बुक्कीनं फोडून तिच्या नाकाशी धरला. मुक्तानं डोळे उघडले. सरांनी तिचं डोकं चाचपलं, केस बाजूला करून पाहिलं. "रक्त नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं मला दिसलं. "मुक्ता, ही बोटं किती?"

"तीन."

"शाब्बास!"

"वाघीन हाय वाघीन!" मागून कुणी ओरडलं. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात सरपंच श्रीमंत तात्या पुढं आले. पांढरा फेटा, हातात काठी. त्यांनी काठी मुक्ताकडे नाही, माझ्याकडे रोखली.

"पोरीचं काय न्हाई. ह्यो खांब बाधलाय," ते म्हणाले. "बाभळीचा हाय न्हवं? बाभळीवर काय काय बसतं, ते मला इचारा. नारळ आना."

सामना थांबवला. एक पोरगा नारळ आणायला पळाला, दुसरा लिंबू, मिरच्या, बिब्बा शोधायला. सगळं गाव माझ्याभोवती गोळा झालं. तात्यांनी माझ्या बुंध्याशी दगड ठेवून त्यावर नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्या अंगावर शिंपडलं, उरलेलं पायाशी ओतलं. लिंबू-मिरची माझ्या गळ्यात बांधली. लोकांनी हात जोडले.

आणि सगळ्यांच्या पाठी मुक्ताकडे होत्या.

ती मधल्या पाटीवर, खेळाडू बसतात त्या पट्ट्यावर, उन्हात एकटी बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. ज्या गावात घोटभर पाण्यासाठी बाया पहाटे उठत होत्या, तिथं गोड पाणी माझ्या अंगावरून ओघळून मातीत जिरत होतं. लागलं होतं तिला, आणि उपचार चालले होते माझ्यावर. मित्रांनो, मला देव केलं गेलं, आणि इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. मला ओरडावंसं वाटलं, अरे, मला काही झालेलं नाही! माझ्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही! जिला लागलंय तिच्याकडे बघा! पण लाकडाला ओरडता येत नाही.

सामना पुन्हा सुरू झाला. मुक्ता उठून आपल्या चौकोनात बसली. तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. शेजारी बनू बसली होती, आणि बनूचं तोंड जिकडे, तिकडेच मुक्ताही तोंड करून बसली होती. खो-खोची पहिली शिकवण ती, शेजारणीच्या उलट तोंड करायचं. पहिलीतली पोरही चुकत नाही.

"अगं मुक्ते, तोंड कुनीकडं?" बनू खिदळली. "नवरीवानी माज्या शेजारी काय बसलीस?"

सगळं मैदान हसलं. मुक्ताही हसली, लाजली आणि वळून बसली. मला मात्र हसू आलं नाही. हसली नाही ती आणखी एकच जण. रेषेबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ बसलेली जहिरा.

सामना आपण जिंकला. लोक म्हणाले, बघा, नारळ पावला.

दुपारी सगळ्या मुली कडुलिंबाखाली भाकरी खायला बसल्या. मैदान रिकामं झालं. मुक्ता एकटीच चालत माझ्याकडे आली. उन्हात तिला डोळे उघडवत नव्हते. तिनं माझ्या अंगावर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली. ज्यानं मारलं त्याच्याच खांद्यावर एखाद्या लेकरानं डोकं ठेवावं, तसं झालं ते. मग ती पलीकडे शाळेच्या भिंतीशी गेली आणि ओकली.

जहिरा मागोमाग आलीच होती. तिनं मुक्ताची पाठ चोळली.

"मुक्ते, आपुन सरांना सांगू."

"न्हाई."

"तू मघाशी मला बनू म्हनून हाक मारलीस."

"मारली असंल." मुक्तानं तिचा हात धरला. "जहिरे, तुला माज्या गळ्याची आन हाय. आजाला कळलं तर माझं मैदान बंद. डोकं काय, दुखतं आन् थांबतं. मैदान गेलं तर परत मिळायचं न्हाई."

जहिरा गप्प झाली. ती का गप्प झाली, हे मला कळत होतं. नऊ खेळाडू आणि एक राखीव. मुक्ता बसली तर आत जाणार कोण? जहिराच. ती बोलली तर गाव काय म्हणेल, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तरी ती बोलली. शेवटच्या सामन्याआधी सर मुलींना गोळा करत होते, तेव्हा ती पुढं झाली. "सर, मुक्ताला बरं न्हाई. तिला उलटी झाली."

बनू म्हणाली, "आता कळलं. गनवेश मळवायची घाई झालीया व्हय बाईंना?"

हशा पिकला. सरांनी मुक्ताकडे पाहिलं. "काय गं? खरं का?"

मुक्ता जहिराकडे बघतच नव्हती. "न्हाई सर," ती म्हणाली. "खोटं बोलतीया ती."

जहिराचं तोंड एवढंसं झालं. सरांना मुक्ताचे मिटमिटते डोळे दिसत होते, मी शपथेवर सांगतो. पण तिच्याशिवाय सामना जिंकता येत नव्हता, हेही त्यांना दिसत होतं.

"उन्हानं होतं असं," ते म्हणाले. मग थोडं हसून, "आणि तात्यांनी नारळ फोडलाय की. आता काही होत नाही."

सर शिकलेले होते. नारळानं डोकं बरं होत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण माझ्या गळ्यातलं ते लिंबू त्यांच्या उपयोगी पडलं. माझ्या आडून त्यांना स्वतःची समजूत घालता आली. आणि मी तिथं माळ घातल्यासारखा मिरवत उभा.

मुली मैदानात गेल्या. जहिरा चपलांजवळ बसली नाही. ती रस्त्याकडे पळत सुटली, खडीच्या ढिगांकडे.

पंच शिट्टी तोंडाला लावणार, इतक्यात लोक पुन्हा हसले. मुक्ता पुन्हा चुकीच्या बाजूला तोंड करून बसली होती. या वेळी बनूनं टोकलं तरी तिला कळेना, कुठं वळायचं ते. ती नुसतीच हसत होती, इतर हसत होते म्हणून.

आणि तेवढ्यात साळूबाई मैदानात शिरली.

ती कधी मैदानाच्या रेषेपाशीही आलेली नव्हती. पुरुषमंडळी बसतात तिथं बाईमाणसानं कसं जायचं? डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, अंगावर दगडाची भुकटी. हातातली हातोडी खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"अगं ए साळू!" तात्या ओरडले. "पूजा केलीया मैदानाची. हातोडी घिऊन खांब फोडायला निघालीस काय?"

लोक हसले. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ मधल्या पाटीवर गेली आणि मुक्तापुढं उकिडवी बसली.

मुक्ता लाजेनं लाल झाली. "आई, जा ना. समदी बघत्यात."

"बघू दे. मुक्ते, आज सकाळी पानी कुठनं आनलं गं आपुन?"

"आडावरनं," मुक्ता लगेच म्हणाली. आई अशी का बघते, हे तिला कळेना, म्हणून आणखी म्हणाली, "दोघी गेल्तो न्हवं का आडावर? भरून आला आड."

मित्रांनो, ते हसणं जिथल्या तिथं थांबलं. आड आटलेला होता. मैदानाभोवती बसलेल्या एकेकाच्या घरची बाई त्या पहाटे टँकरच्या रांगेत होती. तिथं असं एकही माणूस नव्हतं, ज्याला हे उत्तर चुकीचं आहे हे कळलं नाही. फक्त मुक्ताला कळलं नाही.

साळूबाई उठली. सरांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"सर, तुमी बोटं मोजून घेतली म्हनं. बोटं तर ती झोपंतबी सांगंल." तिनं मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकराची टाळू भरंस्तवर आमी तेल घालतो, कुंची घालतो, वाऱ्याला लागू देत न्हाई. टाळू भरली म्हंजी डोकं दगडाचं झालं व्हय, सर?"

सरांनी खाली पाहिलं. मुक्ता उठायला गेली, तिचे पाय लटपटले. जहिरानं धावत येऊन तिला धरलं, आणि मुक्ता तिच्या अंगावरच भडभडून ओकली. गनीभाईंनी शिवलेला तो कोरा गणवेश पहिल्यांदा मळला. बनूनं हातानं तोंड झाकलं. नंतर कितीतरी दिवस ती जहिराशी डोळ्याला डोळा भिडवून बोलली नाही.

सर पंचांकडे वळले. "आम्ही सामना सोडला."

"सर!" तात्या उठून उभे राहिले. "गावाचं नाक कापताय!"

"नाक राहू द्या, तात्या. आधी रस्त्यावरचा तो खडीचा ट्रक थांबवा."

ट्रक थांबला. साळूबाई, मुक्ता, जहिरा आणि सर नगरला गेले. जहिराच्या मांडीवर मुक्ताचं डोकं होतं. धूळ उडाली, आणि मला पुढचं काही दिसलं नाही. समोरच्या संघाच्या मुलींना विजयी ठरवलं गेलं, पण त्याही गप्पच घरी गेल्या.

पुढचं मी माझ्या बुंध्याशी बसून बोलणाऱ्यांकडून ऐकलं. नगरच्या डॉक्टरांनी मुक्ताला ठेवून घेतलं. ते म्हणाले, कवटी फुटली नाही, पण आतल्या मेंदूला हादरा बसलाय. वर रक्त दिसत नाही म्हणून लोक फसतात. ते सरांवर रागावले. याच स्थितीत संध्याकाळी हिचं डोकं पुन्हा कुठं आपटलं असतं, तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो, असं त्यांनी म्हटलं. औषध म्हणाल तर विश्रांती. पळायचं नाही, उन्हात जायचं नाही, वाचायचं नाही, डोक्यावर हंडा घ्यायचा नाही.

त्या दुष्काळात डोक्यावर हंडा घ्यायचा नाही! मुक्ताच्या घरची खेप मग जहिरानं उचलली. आपल्या घरची आणून झाली, की ती मुक्ताच्या दारात जायची. 'खोटं बोलतीया' हा शब्द दोघींनी पुन्हा काढला नाही, असं म्हणतात. मुक्तानं एकदाच तिचा गणवेश मागून घेतला. धुतला, वाळवला आणि घडी घालून परत दिला.

आणि मी? मला लोक 'बाधलेला खांब' म्हणू लागले. सराव बंद पडला. कुणी माझ्याशी शेळी बांधी, कुणी जाता जाता दगड मारी. गळ्यातलं लिंबू वाळून काळं पडलं, तरी सोडवायला कुणी हात लावेना. तात्या म्हणाले, उपटून टाका. मला वाटलं, बरं होईल, एखाद्या चुलीत जळून जाईन, निदान कुणाची तरी भाकरी भाजली जाईल.

एका सांजेला मुक्ताचा आजा काठी टेकत आला. माझ्याशी बसला. मग माझ्याशी की स्वतःशी, कुणास ठाऊक, पण म्हणाला, "म्या बोली घातली, म्हनून पोर गप ऱ्हायली." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. तेव्हा मला कळलं, लाजेनं अर्धमेला झालेला मी एकटा नव्हतो. सर होते, बनू होती, हा म्हातारा होता. पण लाज वाटून नुसतं बसून राहिलं, तर तिचा कुणाला काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी आजा शाळेत गेला. सरांना म्हणाला, "पोर बरी झाली तर खेळू द्या. पन माझी नवी बोली हाय. कन्हत घरी आली तर चालंल. गप बसून आली तर चालायचं न्हाई."

मग सर आले. त्यांनी माझ्या गळ्यातलं लिंबू सोडवलं आणि उकिरड्यावर टाकलं. त्यांच्यामागून गनीभाई आले, दोरीनं माझी मापं घेतली. गिऱ्हाइकाचं घेतात तशी, उंची आणि छाती! साळूबाईनं आपलं जुनं लुगडं दिलं, बाकीच्या आयांनीही एकेक फडकं दिलं. आत कापूस भरून गनीभाईंनी जाड टाके घातले, आणि सरावाच्या वेळी ते माझ्या अंगात चढू लागलं.

"खांबाला कुंची!" तात्या रस्त्यावरून ओरडले. "आता पाळन्यात घाला न् अंगाई म्हना!"

"म्हनू की," गनीभाई सुई दातात धरून म्हणाले. "तुमी झोका द्यायला या, तात्या."

त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी मनातल्या मनात हसलो.

मुक्ता हळूहळू बरी झाली. आधी नुसती सावलीत बसायची, मग मैदानाभोवती चालायची, मग सावकाश पळायची. मध्येच डोकं दुखलं तर सर तिला पुन्हा आधीच्या टप्प्यावर नेत. ती चिडे, रडे. सर ऐकत नसत. मुलींना माझ्याभोवती बसवून ते सांगत, "डोक्याला लागलं, तर त्या दिवशी खेळ संपला. मग सामना कुठलाही असो. उलटी झाली, डोकं दुखलं, उजेड सोसला नाही, विसरायला झालं, नाव चुकलं, तर लगेच सांगायचं. स्वतःचं सांगायचं आणि मैत्रिणीचंही सांगायचं. ती चहाडी नव्हे." हे म्हणताना ते जहिराकडे बघत.

परवाच्या खंडेनवमीला मुली मला हळदकुंकू लावायला आल्या. नारळ आणला होता. तो माझ्या पायाशी फोडला नाही, शाळेच्या पायरीवर फोडला. पाणी वाटीत धरून मुलींनी घोटघोट प्यायलं आणि खोबरं वाटून खाल्लं. मित्रांनो, इतकी गोड पूजा माझी कधी झाली नव्हती.

मग सर म्हणाले, "बसा." डॉक्टरांनी मुक्ताला खेळायची परवानगी दिली होती. आता संघात अकरा मुली होत्या. जहिरा रांगेत होती, गणवेशावर मातीचे डाग. मुक्ता तिच्या शेजारच्या चौकोनात गेली. बसण्याआधी थांबली. मी श्वास धरला, खांबाला असतो तेवढा. तिनं जहिरा कुठं तोंड करून बसली आहे ते पाहिलं, आणि अगदी सावकाश तिच्या उलट बाजूला तोंड करून बसली.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. खेळताना कुणाचं डोकं माझ्यासारख्या खांबावर, जमिनीवर, नाहीतर एकमेकांवर आपटलं, तर खांबाकडे बघू नका. रक्त आलं नाही म्हणून टाळ्या वाजवू नका. तिच्याजवळ बसा. तिला खेळातून बाहेर न्या, डॉक्टरांना दाखवा. आणि ती 'मला काही झालं नाही' असं म्हणाली, तरी ती कुठं तोंड करून बसली आहे, तेवढं नीट बघा.